टाक्यांच्या जागी रुजलेलं

आई,

तुमच्या तेराव्याला आणलेली सोसायटीची मोठी पातेली घासून परत दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मेडिकलमधून किट आणलं. सुतकात झोप नाही, खाण्याचा ठिकाणा नाही, म्हणून पाळी पुढे गेली असेल असं आठवडाभर स्वतःला समजावत होते. सकाळी सईला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलं, वर आले, बाथरूमची कडी लावली. दोन रेघा आल्या. आणि मी काय केलं माहितीये? दार उघडून तडक स्वयंपाकघरात गेले, तुम्हाला सांगायला. ओट्याच्या ज्या टोकाला टेकून तुम्ही उभ्या असायच्या तिथं जाऊन थांबले. तोंड उघडलं होतं मी. मग आठवलं.

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मला धड रडताही येत नाही, कारण मी घाबरलेली आहे. दोन्ही एका वेळी होत नाही, आई. तुमच्यासाठी रडायला बसले की हात पोटावर जातो आणि रडणं थांबतं.

तुमच्या निलेशला सांगितलेलं नाही. त्याच्या डोक्यावर अजून केससुद्धा नीट उगवलेले नाहीत. काल मुलुंडच्या कुठल्याशा टॉवरची लिफ्ट दुरुस्त करून आला आणि बूट न काढता तुमच्या खोलीच्या दारात उभा राहिला, पाच मिनिटं. त्याला काय सांगू? आम्ही ठरवलं होतं, आता पुरे, सई एकटी बरी. हे ठरवून झालेलं नाही. आणि तीन वर्षांपूर्वीचं त्याला जितकं आठवतं तितकंच मला आठवतं.

उद्या अकरा वाजता सोनोग्राफी आहे. त्याच मॅडमकडे, बोरीवली पश्चिमेला. मॅडमनी तेव्हा बजावलं होतं, "पुढे कधी दिवस राहिले तर वाट बघत बसायचं नाही. सहावा आठवडा संपायच्या आत यायचं. ठोके दिसले नाहीत तरी चालेल, आधी जागा बघायची. उशीर केलास तर गर्भाची थैली वाढत वर जाते आणि मग सगळं नीटच आहे असं वाटतं. मुळं कुठं धरलीत ते दिसत नाही." तुम्ही शेजारी बसून मान हलवत होता. घरी आल्यावर म्हणालात, "लिवन ठेव खंयतरी." मी लिहून ठेवलं नाही. गरजच पडली नाही, एक अक्षर विसरले नाही.

तेव्हा सई तीन वर्षांची होती. दिवस राहिले म्हणून तुम्ही शेवयांची खीर केली होती, आणि चौथ्या दिवशी मला डाग दिसले. अगदी थोडे, तपकिरी. कॉलेजच्या लायब्ररीत कामावर, कॉम्प्युटरसमोर बसले होते, तिथून उठून थेट घराजवळच्या दवाखान्यात गेले, तुम्हाला तिथंच बोलावलं. तिथल्या डॉक्टरांनी पोटावरून मशीन फिरवलं. म्हणाले, "ठोके आहेत, पण गर्भ खाली उतरलाय. हा पडणारच. उद्या सकाळी उपाशीपोटी या, पिशवी साफ करून टाकू. दुपारी घरी."

मी हो म्हटलं. घाबरलेलं माणूस सगळ्याला हो म्हणतं. निलेशला फोन करून उद्याची सुट्टी घ्यायला सांगितलं. जिना उतरून खाली आल्यावर तुम्ही रस्त्यातच उभ्या राहिलात.

"ठोके पडतत मां?"

"हो आई, पण ते म्हणतात ना, पडणारच आहे."

"पडात तेवा पडात. जिवंत आसा तर साफ कित्याक करूचा? आपण दुसरीकडे दाखवया."

मला राग आला होता तुमचा. लग्न होऊन नाशिकहून आले तेव्हा तुमचं "खंय" म्हणजे कुठे आणि "कित्याक" म्हणजे कशाला, हे कळायला मला वर्ष लागलं होतं. त्या दिवशी सगळं कळत होतं आणि ऐकायचं नव्हतं. उद्या एकदाचं संपू दे, एवढंच डोक्यात होतं. पण तुम्ही वर येऊन शेजारच्या हंसाबेनना विचारलंत, त्यांच्या मुलीचं सगळं बघणाऱ्या मॅडमचा पत्ता घेतलात, आणि संध्याकाळी मला रिक्षात घातलंत.

त्या मॅडमनी आतून सोनोग्राफी केली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. एकदा त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या आणि त्यांनी पंखा बंद करायला सांगितला. पंख्याचा सोनोग्राफीशी काय संबंध? पण मला त्या क्षणी कळलं, काहीतरी वाईट आहे.

"पहिलं बाळंतपण सिझेरियन?"

"हो."

"बरोबर कोण आलंय?"

तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही चपला दाराबाहेर काढून आत आलात, देवळात येतात तशा. डॉक्टरांशी तुम्ही नेहमी पुस्तकी मराठी बोलायच्या, हळू आणि जपून, तशी बोलायला लागलात. मॅडमनी स्क्रीन तुमच्याकडे वळवली. "आजी, ही गर्भाशयाची पिशवी. आत बघा, रिकामी आहे. आणि हे इथं, खाली, सिझेरियनचे टाके होते ना, त्या जागेत बाळ रुजलंय. पडत वगैरे नाहीये. घट्ट धरून बसलंय, पण चुकीच्या जागी. फार क्वचित होतं असं. याच्या पलीकडे लगेच लघवीची पिशवी. मधे भिंत उरलीये ती दोन मिलिमीटर."

काळ्या करड्या त्या चित्रात मधोमध काहीतरी लुकलुकत होतं. मी ते बघितलं. तुम्हीही बघितलंत.

"ते वर सरकायचं नाही का, डॉक्टर?"

"नाही सरकत, आजी. रुजलं तिथं रुजलं."

तुम्ही कांदिवलीच्या कपड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं शर्टांचे धागे कापलेत. मॅडमना जे सांगायला पाच मिनिटं लागली असती ते तुम्ही एका वाक्यात म्हणालात. "म्हणजे शिवणीवरच ओझं पडलंय. शिवण उसवणार."

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या. "आणि न बघता कुणी खरवडलं असतं तर उसवलीच असती. रक्त थांबवता आलं नसतं."

मी त्या टेबलावरच मनात तास मोजले. उद्या सकाळी उपाशीपोटी. चौदा तास उरले होते. तुम्ही रस्त्यात उभ्या राहिला नसतात तर?

हे मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. तुमच्या हट्टानं मी वाचले, हे साधं वाक्य. कारण त्या हट्टाचा दुसरा अर्धा भाग लगेच पुढे आला, आणि मी त्यातच अडकून पडले.

मॅडम म्हणाल्या, लवकर कळलंय, सहा आठवड्यांचं आहे, तेव्हा सोपं आहे. सोनोग्राफीत बघत बघत सुईनं तिथंच औषध सोडायचं, ठोके थांबवायचे, मग शरीर ते हळूहळू जिरवतं. जितकी वाट बघू तितकं अवघड. मी विचारलं, ठेवलं तर? त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "काही बायका शेवटपर्यंत पोचतातही. पण बहुतेकींची पिशवी काढावी लागते, रक्ताच्या बाटल्या लागतात. आणि काही जणी घरी येत नाहीत. विचार करा, पण दोन दिवसांच्या वर नको."

ते "काही बायका पोचतात" तुम्ही घरी घेऊन आलात.

पहिल्या दिवशी तुम्ही पाण्याचा पेला देताना ते म्हणालात. मग सईचे केस विंचरताना. मग निलेश डबा भरत असताना. "काय काय जणी पोचतत, म्हणाली मां ती." निलेश म्हणाला, "आई, मला पाना दे नि मशीन दे, मी खोलून सांगतो काय झालंय ते. यातलं मला काय कळतं? अर्चना ठरवेल." तो कामावर निघून गेला आणि आपण दोघी उरलो, त्या दोन खोल्यांत, एकमेकींना वळसे घालत.

दुपारी मी ओरडले. "आणि मी नाही पोचले तर? सईला कोण बघेल?"

"सईक मी बघतंय," तुम्ही पटकन म्हणालात. म्हणालात आणि तुमचा हात तोंडावर गेला. असं नव्हतं म्हणायचं तुम्हाला, ते मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी ते वाक्य तीन वर्षं जपून ठेवलं.

पण आई, माणसाच्या मनाचं काही खरं नाही. तुम्ही बोलत राहिलात आणि ते माझ्यात उतरत गेलं. ते लुकलुकणं डोळ्यांसमोरून हलेना. घट्ट धरून बसलंय, मॅडम म्हणाल्या होत्या. इतकं घट्ट धरलेल्याला मी कोण ढकलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही खोबरं खवत होता. मी तुमच्यापाशी जाऊन म्हटलं, "आई, ठेवू या. मीपण पोचेन."

मला वाटलं तुम्ही मला जवळ घ्याल. तुमच्या हातातली करवंटी थांबली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते आनंदाचं नव्हतं. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही. तुम्ही करवंटी ठेवलीत, हात धुतलेत, पिशवी घेतलीत, मासळी आणते म्हणालात. खूप वेळानं रिकाम्या पिशवीनं परत आलात. बाजारात धड काही नव्हतं म्हणालात.

त्याच्या थोडं आधी मॅडमचा फोन येऊन गेला होता. त्या म्हणाल्या होत्या, "अर्चना, आज संध्याकाळपर्यंत ठरव. मी डॉक्टर म्हणून परवा सांगितलं. बाई म्हणून सांगते, माझ्या मुलीला असं झालं असतं तर मी आजच तिला घेऊन गेले असते." मला तो फोन आवडला नव्हता. ठरवलंय म्हटल्यावर परत कशाला हलवायचं? आणि तुम्ही दारातून आत आलात, पदरानं घाम पुसलात आणि म्हणालात, "बॅग भर. आजच जावया. ता जांवदे."

"काय?"

"ता जांवदे, म्हटलंय. तू व्हयी माका."

तुम्हाला मी हवी होते, आणि मी तुम्हाला काय काय बोलले! दोन दिवस ठोके ठोके करून माझं डोकं फिरवलंत, आणि आता माझं मन बसलं तर काढा म्हणता? तुमची जीभ आहे की लोलक? माझी बॅग तुम्हीच भरलीत. दोन गाऊन, टॉवेल, सईचा एक फोटो. सईला हंसाबेनकडे दिलंत. निलेश घाटकोपरहून थेट अंधेरीला आला, मॅडमनी सांगितलेल्या मोठ्या हॉस्पिटलात.

सुई आत जाताना मी मान वळवली. स्क्रीन डाव्या बाजूला होती, मी उजवीकडच्या भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. कुणीतरी हळू आवाजात म्हणालं, "थांबलं." तेवढंच.

त्यानंतरचे आठवडे तुम्हाला आठवत असतील. दर सोमवारी तपासायला रक्त द्यायचं, संध्याकाळी गरोदरपणाच्या हार्मोनचा आकडा यायचा, तो शून्यावर येईपर्यंत धोका संपत नाही असं सांगितलेलं. तुम्ही दर सोमवारी बरोबर यायच्या. लॅबच्या बाकावर शेजारी बसायच्या, आपण बोलायचो नाही. संध्याकाळी मात्र तुम्ही दारातून विचारायच्या, "आकडो उतारलो?" आणि मी, "हो."

बोलणं मी तोडलं होतं, त्याचंही कारण तुम्हाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी दुपारी पडले होते आणि तुम्ही गॅलरीत मालवणच्या मावशींशी फोनवर बोलत होता. "ठोके होते गो," तुम्ही म्हणालात. "मी बघलंय माज्या डोळ्यांनी." आणि तुम्ही रडत होता. मला वाटलं, झालं. आता गावभर हेच होणार. सुनेनं जिवंत पोर काढून टाकलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि तेव्हापासून तुमच्याशी कामापुरतं बोलले.

आणि मग चौथ्या आठवड्यातली ती दुपार. मी सईचे कपडे वाळत घालायला हात वर केला आणि पायांवरून काहीतरी गरम आलं. बघितलं तर फरशी लाल. मी "आई" अशी हाक मारली ती तुम्हाला की माझ्या आईला ते माहीत नाही, पण आलात तुम्ही. जुनी सोलापुरी चादर माझ्या कमरेला घट्ट गुंडाळलीत. तुम्ही सत्तरीला टेकलेल्या, गुडघ्यांनी अधू, आणि मला खांद्यावर घेऊन तीन मजले उतरवलंत. रिक्षावाल्याला म्हणालात, "अंधेरी, भय्या, सिग्नल मत देखना."

हायवेवर कुठंतरी माझे डोळे मिटायला लागले. खूप शांत वाटत होतं. तेवढ्यात तुम्ही माझ्या गालावर चापट मारलीत. जोरात.

"झोपू नको गो. माज्याशी भांड."

"काय?"

"भांड माज्याशी. इतके दिवस तोंड शिवन बसलंस. आता बोल. पण झोपू नको."

आणि मी भांडले, आई. पाय ओले होत होते, चादर जड होत होती आणि मी तुम्हाला म्हणाले, तुम्हीच मला ठेवायला लावत होता. तुम्हीच मग काढायला लावलंत. तुम्ही मावशीला सांगितलंत. तुम्ही म्हणालात सईला मी बघते, म्हणजे मी मेले तरी चालेल. जे जे साठवलं होतं ते सगळं, गोरेगावपासून अंधेरीपर्यंत. तुम्ही माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंत की नंतर तिथं निळं पडलं. प्रत्येक वाक्याला तुम्ही एकच म्हणत होता, "होय, मीच. आणखी?"

"तुम्हीच तुमच्या मनासारखं केलंत!"

"होय, केलंय. आणखी काय? बोल गो, आणखी काय?"

हॉस्पिटलात पिशवीच्या आत रबराचा फुगा फुगवून, दाब देऊन त्यांनी रक्त थांबवलं. दोन बाटल्या रक्त चढवलं. शुद्धीवर आल्यावर निलेश दिसला, तुम्ही दिसला नाहीत. तुम्ही खाली बाकावर बसला होता, हाताला वाळलेलं रक्त तसंच, आणि कुणी कितीही सांगितलं तरी धुवायला उठत नव्हता असं निलेश म्हणाला.

नवव्या सोमवारी आकडा शून्यावर आला. तुम्ही देवापुढे गूळ ठेवलात आणि विषय संपला. आपल्या घरात विषय असेच संपतात. पुढची तीन वर्षं आपण चांगल्या राहिलो. मला रक्त भरायला हवं म्हणून तुम्ही महिनाभर रोज बीट किसलंत, मी वैतागून म्हटलं, आई, आता माझा रंग बदलेल, तर हसून तुमचा ठसका थांबेना. सईला तुम्ही मालवणीत गोष्टी सांगायच्या आणि ती शाळेत बाईंना "खंय जातास?" विचारून आली. मला तुम्ही आवडायला लागल्या होता, आई. आधी तुमची सवय होती, नंतर आवडायला लागल्या. पण ते भांडण तिथंच राहिलं, रिक्षात.

सोळा दिवसांपूर्वी तुम्ही चहा मागितलात. मी आधण ठेवलं, चहा गाळून आणला, आणि तेवढ्यात तुम्ही नव्हतात. इतका कमी वेळ. त्यात काय बोलणार होते मी?

आता थांबते. उद्या अकरा वाजता.

*

हे दुसऱ्या दिवशी लिहितेय.

रात्री मी झोपले नाही हे सांगायला नको. सकाळी दोनदा बाथरूममध्ये जाऊन बघितलं, डाग नव्हता, तरी तिसऱ्यांदा गेले. एकटीनं रिक्षा केली. मॅडमच्या दवाखान्यात तीच बाकं, तोच फॉर्म. "बरोबर कोण?" असं काउंटरवरच्या मुलीनं विचारलं. कुणी नाही, म्हटलं.

टेबलावर झोपले तेव्हा मॅडमनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मग त्या स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या, तशाच, तेव्हासारख्या. मी पंख्याकडे बघत होते. बंद करायला सांगतील, आत्ता सांगतील. त्यांनी मशीन हलवलं, परत मागे घेतलं, परत बघितलं. टाक्यांची जागा, मला कळत होतं, त्या टाक्यांची जागाच पुन्हा पुन्हा बघतायत.

"वर आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"वर आहे, अर्चना. पिशवीच्या आत, अगदी वर. टाक्यांपासून लांब. ही बघ टाक्यांची जागा, मोकळी आहे."

"नक्की?"

"नक्की. तीनदा बघितलं. ठोके अजून दिसायचे नाहीत, लवकर आलीस. दहा दिवसांनी ये." मग हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "आजी नाही आल्या आज?"

मी सांगितलं. त्या खुर्चीवर बसल्या. बाहेर पेशंट होते, तरी बसल्या. म्हणाल्या, "तुला त्यांनी कधी सांगितलं का, त्या तेव्हा एकट्या आल्या होत्या इथं?"

"कधी?"

"तुम्ही दोघी येऊन गेलात ना, त्यानंतर दोन दिवसांनी. सकाळी. हातात रिकामी पिशवी होती बाजाराची. माझे पेशंट संपेपर्यंत बसून राहिल्या. आत आल्या आणि हात जोडून म्हणाल्या, 'काही बायका पोचतात असं तुम्ही बोललात ना, ते परत घ्या. तिला फोन करून सांगा, एकपण पोचत नाही. मीच तिच्या डोक्यात भरवलं, आता माझं ऐकून ती ठेवायला निघालीये. ती मरेल हो.' मी म्हटलं, आजी, खोटं नाही मला सांगता येणार. तर म्हणाल्या, 'मग मी काय सांगू तिला? तिनं मला शिव्या घातल्या तरी चालतील. पण नंतर स्वतःला घालायला नकोत.'"

मॅडमनी मला फोन केला तो तुम्ही त्यांच्यासमोर बसलेल्या असताना, आई. तुम्ही ऐकत होता.

मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. स्टेशनच्या पुलावरून चालत पूर्वेला आले, गर्दीत, पोट हातानं झाकून. रडायला तेव्हा आलं. सतरा दिवस अडलेलं सगळं आलं, भररस्त्यात. एक फुलवाली बाई "काय झालं गं ताई?" म्हणाली, तिला काय सांगणार?

आता एक गोष्ट तुम्हाला सांगते. अंधेरीच्या हॉस्पिटलात सुईच्या आधी त्यांनी मला एकटीला आत नेलं होतं. तुम्ही आणि निलेश बाहेर होता. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "निर्णय तुमचा आहे ना? घरच्यांचा काही दबाव? तसं असेल तर सांगा, आपण थांबू." मी म्हटलं, "माझाच आहे." आणि सही केली. खरं सांगितलं होतं मी. मॅडमच्या फोनपासूनच मला ठेवायचं नव्हतं. मी घाबरले होते, मला जगायचं होतं, सईकडे परत यायचं होतं. तुम्ही बॅग भर म्हणालात तेव्हा मी ओरडले, पण आत कुठंतरी सुटल्यासारखं वाटलं होतं. कुणीतरी माझ्या वतीनं म्हणालं म्हणून.

आणि त्यानंतर तीन वर्षं मी ते तुमच्यावर टाकून मोकळी राहिले. रिक्षात "तुम्हीच केलंत" म्हणाले आणि तुम्ही "होय, मीच" म्हणालात, आणि मी ते तसंच राहू दिलं. तुम्ही मावशीपाशी रडलात ते माझ्या नावानं नाही, स्वतःच्या, हे आज कळतंय. तुम्ही देवापुढे गूळ ठेवलात तेव्हा एकदा मी म्हणायला हवं होतं, आई, सही माझी होती. तुमचा त्यात दोष नाही. एवढी चार शब्दांची गोष्ट. तुम्ही ती ऐकल्याशिवाय गेलात.

तुम्ही मॅडमकडे जे खोटं मागायला गेला होता ते त्यांनी दिलं नाही, बरं झालं. काही बायका पोचतात हे मला माहीत आहे, आणि ते माहीत असूनही मी जगतेय. जगता येतं.

भीती गेलेली नाही. जागा बरोबर आहे, पण अजून दहा दिवस आहेत, मग त्याच्यापुढे सगळे महिने, आणि शेवटी पुन्हा तीच शिवण उसवायची. मॅडम म्हणाल्या, बारकाईनं लक्ष ठेवू. सईला इतक्यात सांगणार नाही. ती तुमच्या खाटेवर तिची बाहुली झोपवते आणि कुणाला तिथं बसू देत नाही.

बेल वाजली. निलेश आलाय, आज लवकर सुटला वाटतं. त्याला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, एक पोटातली आणि एक त्याच्या आईची. आधी कुठली सांगू ते मला कळत नाहीये.